दोन पिशव्या नीळ

एफी डेव्हनीने फुटबॉलची मॅच आयुष्यात एकदाही धड पाहिली नव्हती, पण क्रेगरिगच्या सेंट ब्रेंडन्स संघाची प्रत्येक मॅच तिला तोंडपाठ असे. शनिवारी संध्याकाळी मळक्या जर्श्यांची वेताची पेटी घरात आली की ती एकेक जर्सी दिव्यापाशी धरून सांगायची, "गोलकीपर आज सारखा डाव्या अंगावर पडलाय. मकॉर्टला कुणीतरी मानगुटीला धरलं होतं, कॉलर बघ. आणि हा डॅन्यल नुसता फिरायला गेला होता. चिखलाचा ठिपका असेल तर शपथ." नवरा ह्युई पाइप ओढत मान डोलवायचा. तो स्वतः मैदानावर उभा राहून आलेला असायचा, तरी मॅच नेमकी कशी झाली ते त्याला बायकोकडून ऐकल्यावरच कळे.

एफी मूळची रस्त्यापलीकडची. क्रेगरिगला खाणवाल्यांच्या दोन चाळी, मध्ये रस्ता. वरच्या चाळीत प्रॉटेस्टंट, खालच्या चाळीत आम्ही कॅथलिक. खाणीत उतरलो की सगळेच काळे. वर येऊन तोंड धुतलं की ज्याचा त्याचा रंग परत. त्यांचा निळा, आमचा हिरवा. आमच्या चाळीत निळ्या काठाची बशीसुद्धा कुणी विकत घेत नसे. हसायचं असेल तर हसा, पण त्यांच्याकडेही एका म्हातारीने मांजराचे डोळे हिरवे म्हणून ते दुसऱ्याला देऊन टाकलं होतं.

एफीचा बाप रॅब बेअर्ड. जुलैच्या मिरवणुकीत त्यांच्या लॉजचा, म्हणजे प्रॉटेस्टंट मंडळाचा, मोठा ढोल त्याच्याच गळ्यात. पोरीने ह्युई डेव्हनीशी लग्न केलं, त्याच्यासाठी धर्म बदलला, आणि रॅबने दार लावून घेतलं ते कायमचं. नऊ वर्षं एकाच रस्त्यावरून जाता-येता तो तिच्याकडे न बघता पुढे जाई. आईला डोळ्यांनी खुणावायचीसुद्धा बंदी होती.

आम्ही मात्र तिला सामावून घेतलं. निदान आम्ही तसं म्हणायचो. खरं सांगायचं तर नऊ वर्षांनंतरही बायका तिला पाठीमागे 'बेअर्डची' म्हणत, आणि चाळीमागच्या धुण्याच्या खोलीत ती शिरली की चाललेलं बोलणं मध्येच हवापाण्यावर येई. तिला ते कळत नव्हतं असं नाही. म्हणूनच जर्श्या धुणारी म्हातारी बाई अंथरुणाला खिळली तेव्हा एफीने ते काम आपणहून मागून घेतलं. पांढऱ्या जर्श्या, हिरवी कॉलर. कोळशाच्या गावात पांढरं धुणं म्हणजे हात सोलून घेण्याचं काम. सोडा घालून उकळायचं, फळीवर घासायचं, आणि शेवटच्या पाण्यात निळीची एक पिशवी तीनदा फिरवायची. तिच्या हातच्या जर्श्या घालून आमचे लोक मैदानात उतरले की समोरचे आधी त्या जर्श्यांकडे बघायचे.

त्या वर्षी, म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीसच्या हंगामात, सेंट ब्रेंडन्सला काय झालं कुणास ठाऊक. जिल्ह्याच्या कपात पहिल्याच फेरीत मार खाऊन यायची आमची सवय, पण ख्रिसमसपर्यंत आम्ही हरलोच नाही. फेब्रुवारीत संघाचा सेक्रेटरी गिलहूली पेटी न्यायला आला तेव्हा दारातच म्हणाला, "एफी, कप आला की फोटो काढायचाय. फादर मध्ये, पोरं दोन्ही बाजूंना. आणि ऐक, तू पण बसायचंस. पेटीशेजारी."

"मी?"

"मग काय, जर्श्या माझ्या सासूने धुतल्यात?"

हे वाक्य तिने उराशी धरलं. त्या फोटोत बसले की मी ह्यांच्यातली, मग कुणाच्या बापाची टाप आहे मला बेअर्डची म्हणायची, असं तिच्या मनाने घेतलं. तिने चर्चला जायचा कोट उसवून नव्याने शिवला.

सेमीफायनल झाली ती भाजक्या दगडाच्या लाल भुकटीच्या मैदानावर, धो धो पावसात. आम्ही जिंकलो, पण जर्श्या आल्या त्या विटेच्या रंगाच्या. गुरुवार हा धुण्याच्या खोलीत एफीचा वार. तिने दोनदा उकळल्या, बोटांची सालं निघेपर्यंत घासल्या, तरी गुलाबी झाक जाईना. शनिवारी फायनल. समोर थॉर्नबँक, म्हणजे पलीकडचेच, गडद निळ्या जर्सीतले.

दुपारी ह्युई पाळी संपवून आला. ती म्हणाली, "गुलाबी जात नाही रे. निळीच्या दोन पिशव्या घालू का?"

"घाल की," तो बूट काढत म्हणाला. "फोटो काढायचाय ना?"

तिने दोन पिशव्या घातल्या. पाणी ढवळतच होती, तेवढ्यात ह्युईने घरातून आंघोळीच्या पाण्यासाठी हाक मारली. तिने त्याला पाणी दिलं, सूप गरम केलं, पाठ चोळून दिली, आणि परत आली तेव्हा पिशव्या अजून जर्श्यांबरोबर पाण्यातच होत्या. बाहेर पाऊस. जर्श्या चुलीवरच्या दोरीवर वाळल्या, शुक्रवारी संध्याकाळी गॅसच्या पिवळ्या उजेडात तिने त्या घड्या करून पेटीत भरल्या. त्या उजेडात त्या अशा पांढऱ्या दिसल्या की तिने ह्युईला हाक मारून दाखवल्या. "दुधासारख्या," तो म्हणाला.

शनिवारी मैदानावर, दिवसाच्या उजेडात, पेटी उघडली. अकराच्या अकरा जर्श्या आभाळासारख्या निळ्या.

दुसरा संच आमच्याकडे नव्हता. पंचाने हिरव्या कॉलरी बघितल्या, खांदे उडवले आणि खेळा म्हणाला. आमचा संघ मैदानात आला तेव्हा थॉर्नबँकवाल्यांनी टोप्या उडवल्या. "या, या, उशिरा का होईना, सुबुद्धी सुचली," असं ओरडत होते. आमचे लोक माना खाली घालून उभे. पाऊस सुरू झाला, जर्श्या भिजून गडद झाल्या, आणि मकॉर्टने एक पास सरळ थॉर्नबँकच्या माणसाला दिला. तिथून पहिला गोल. पुढचे दोन कशाने झाले ते कुणी विचारू नये. थॉर्नबँकचे लोक आमच्यापेक्षा चांगले खेळत होते, हे तेव्हाही दिसत होतं. पण नाचता येईना अंगण वाकडं, आणि आम्हाला अंगण आयतं मिळालं होतं.

तीन-शून्य. क्लबात मकॉर्ट टेबलावर मूठ आपटून म्हणाला, "रक्त शेवटी रक्तच. बापाच्या ढोलावर वाढलीय ती."

कुणीतरी म्हणालं, "नऊ वर्षं दबा धरून बसली होती, बघा."

आणि ह्युई तिथेच होता. गुरुवारी दोन पिशव्या घाल म्हणणारा, शुक्रवारी दुधासारख्या म्हणणारा ह्युई. सगळे त्याच्याकडे बघत होते. एक वाक्य पुरलं असतं. तो ग्लासात बघत मिठाची गुळणी धरून बसला. मीही तिथे होतो. मीही काही बोललो नाही, आणि ते मला अजून खातं.

घरी आल्यावर एफीने विचारलं, "तू सांगितलंस ना त्यांना?"

"कशाला तोंडी लागायचं?" ह्युई म्हणाला. "गप्प राहा. चार दिवसांत विसरतील."

ती गप्प राहिली नाही. सोमवारी तिने धुण्याच्या खोलीत सगळ्यांना सांगितलं. बायकांनी ऐकून घेतलं आणि मग हवा कशी आहे ते बोलू लागल्या. गिलहूली येऊन पेटी कायमची घेऊन गेला. तिने त्यालाही सांगितलं. "हो हो," तो पेटीकडे बघत म्हणाला, "असेलही."

फादर स्वतः घरी आले. चांगला माणूस, ह्यात शंका नाही. एफीच्या सासूने, ह्युईच्या आईने, खुर्ची पुसून दिली.

"एफी," फादर म्हणाले, "मी सगळ्यांना सांगितलंय, झालं गेलं विसरा. आपण तुला क्षमा केलीय."

"फादर, मी मुद्दाम नाही केलं."

"नाही, नाही, अर्थात नाही. म्हणून तर म्हणतो, क्षमा केलीय."

न केलेल्या गुन्ह्याची क्षमा कशी परत करायची ते तिला कळेना. फादर गेल्यावर सासू म्हणाली, "एवढे घरी आले, आभार तरी मानायचेस."

रविवारी दुपारी ती दाराच्या पायरीवर बटाटे सोलत बसली होती. समोरून रॅब बेअर्ड रस्ता ओलांडून आला. काळा कोट, काळी हॅट. आमच्या चाळीतले सगळे पडदे हलले. नऊ वर्षांत त्याने रस्त्याच्या ह्या बाजूला पाऊल टाकलं नव्हतं. तिच्यासमोर येऊन त्याने हॅट काढली.

"एफी."

ती उठून उभी राहिली. हातातली सुरी तशीच.

"शाबास, पोरी," तो म्हणाला. "काल लॉजमध्ये सगळ्यांनी उठून माझ्या पाठीवर थाप मारली. मी म्हटलं, माझीच आहे ती. तुझी आई केक करून बसलीय. चल, चहाला चल."

हे ऐकायला ती नऊ वर्षं झुरली होती. नुसतं 'चला' म्हणायचं होतं. आईचं घर वीस पावलांवर, आणि खालच्या चाळीत तिची किंमत काय होती ते तिने आठवडाभर पाहिलं होतं. धोब्याचं कुत्रं ना घरचं ना घाटचं म्हणतात. इथे तर घर स्वतः चालत न्यायला आलं होतं.

"बाबा," ती म्हणाली, "मी चुकून केलं ते. मला त्या पांढऱ्याशुभ्र करायच्या होत्या. ते जिंकावेत म्हणून."

रॅबने हॅट हातात फिरवली. एकदा मागे वळून आपल्या चाळीकडे बघितलं.

"हे आणखी कुणाला सांगितलंस?"

"सगळ्यांना."

"कुणी खरं मानलं?"

"नाही."

"मग झालं तर," तो म्हणाला. "आता गप्प राहा."

त्याने हॅट घातली आणि आला तसा रस्ता ओलांडून गेला. चहाचं पुन्हा काढलं नाही.

एफी आत आली. ह्युई चुलीपाशी पाइप भरत होता.

"काय म्हणत होता म्हातारा?" त्याने विचारलं.

तिने बटाट्यांचं भांडं टेबलावर ठेवलं.

"तुझंच म्हणणं," ती म्हणाली.