पाणी किती वाजता येतं, ते आधी विचार

परवा भुकूमला नातीकडे होते. ती हिंजवडीत कंपनीत आहे. पुढच्या आठवड्यात दोघं नवरा-बायको पोर्तुगालला निघालेत... समुद्राकाठचा देश. मोबाइलवर बघून बॅग भरणं चाललं होतं. क्रीम कुठलं, चप्पल कुठली, पासपोर्टची झेरॉक्स घेतली का.

"आजी, तू पण सांग की काहीतरी. तू गेली होतीस ना समुद्रावर?" म्हणाली. चेष्टेतच. तेव्हा नुसती हसले. आज इथे लिहिते.

साठ सालानंतरची गोष्ट. आमचं गाव मुळशीला, धरणाच्या काठावर. लेक माझ्या मांडीवर होती आणि तापाचं निमित्त होऊन हे गेले...

अस्थी गाडग्यात घालून गावाबाहेरच्या उंबराला टांगल्या होत्या. सगळे म्हणत होते, धरणात सोडा, समोरच तर पाणी आहे. माझ्या सासूबाई ऐकेनात. त्यांना मी आत्याबाई म्हणायची.

"ह्या पाण्यानं माजं घर घेतलं. आता पोरगं न्हाई द्यायची," म्हणाल्या.

खरंच घेतलं होतं. त्या नव्या नवरी असताना धरण झालं आणि जुनं गाव बुडालं. पण उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्या घराचं जोतं उघडं पडायचं. आत्याबाई दरवर्षी भाकरी बांधून जायच्या आणि दिवसभर त्या जोत्यावर बसून यायच्या. पाणी नेतं, पण वर्षातून एकदा दाखवतं... एवढंच पाणी आम्हाला ठाऊक.

ह्यांना समुद्र बघायची फार हौस होती. ती राहूनच गेली. म्हणून आत्याबाईंनी ठरवलं, समुद्राला द्यायचं. गावची माणसं मीठ, सुकी मासळी आणायला घाट उतरायची. लेकीला जावेपाशी ठेवून आम्ही दोघी त्यांच्याबरोबर ताम्हिणीतून चालत खाली उतरलो. पुढे एसटीने श्रीवर्धनच्या बाजूला गेलो.

नारळाच्या वाडीतून बाहेर आलो आणि... काय सांगू. पाण्याला पलीकडचा काठच नव्हता! आमच्या पाण्याला चहूकडून डोंगर. इथे नजर टेकवायला काही नाही. मी पदर तोंडाला लावून उभीच राहिले. एवढं मोठं काही जगात आहे आणि हे ते न बघता गेले, असं वाटलं.

दुपारची वेळ होती. पाणी पार लांब गेलेलं, मधे नुसती ओली वाळू. आत्याबाई चालत चालत पुढे गेल्या, खाली बसल्या आणि हाताने खड्डा करायला लागल्या.

"आत्याबाई, पाण्यात सोडायचं ना?"

"पानी उतारलंय. हितंच ठिवते. पावसाळ्यात झाकंल, उन्हाळ्यात उघडं पडंल. दरसाल येऊन बसन म्या त्याच्यापाशी."

मला ते पटलंच की! आम्ही दोघींनी गाडगं पुरलं, वर दगड रचले. हे गेल्यापासून पहिल्यांदा त्यांचा चेहरा जरा निवला. तिथेच शेजारी बसून भाकरी सोडली.

थोड्या वेळाने वरून एक कोळीण हाका मारायला लागली. "ए बायांनो, मागं या गो! भरती लागली!"

"खुळी हाय का काय ही," आत्याबाई मला म्हणाल्या. "वैशाखात कुटं पानी चढतं व्हय?"

तेवढ्यात पाणी पायाला लागलं. मग भाकरीच्या फडक्याला. मग दगडांना.

"आरं थांब की! आत्ताच ठिवलाय त्याला!" आत्याबाई पाण्यावर ओरडल्या आणि दोन्ही हातांनी वाळू उपसायला लागल्या. गाडगं काही हाताला लागेना. कोळीण धावत आली. तिने आणि मी मिळून त्यांना ओढत वर आणलं.

आम्ही बसलो होतो तिथे संध्याकाळी पुरुषभर पाणी होतं. त्या कोळीण माउलीनेच आम्हाला तिच्या पडवीत निजायला जागा दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी पुन्हा लांब गेलेलं. आत्याबाई तरातरा गेल्या. दगड नाहीत, खड्डा नाही, गाडग्याची खापरीसुद्धा नाही. वाळू अशी, जशी कुणी आत्ताच सारवून गेलंय.

"रोजचंच हाय गो," कोळीण म्हणाली. "दोनदा येतंय, दोनदा जातंय."

"रोज?" आत्याबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. "आमचं वर्साला येकदा उतरतं... आन् ह्यो रोज दोनदा?"

मग कितीतरी वेळ त्या समुद्राकडे बघत उभ्या होत्या. पाणी परत चढायला लागलं तेव्हा मागे सरल्या नाहीत. वाकून त्यात हात घातला, जसा ह्यांच्या डोक्यावर ठेवायच्या तसा.

"मंग त्यो समद्या पान्यात हाय. कुटंबी बसलं तरी चालंल," एवढंच म्हणाल्या.

पुढे मी वाण्याच्या पुडीच्या कागदांवर वाचायला शिकले. भरती-ओहोटी चंद्रामुळे होते, हे तेव्हा कळलं. आत्याबाईंना वाचून दाखवलं तर म्हणाल्या, "येवढ्या लांबनं हाक मारतोय, आन् पानी ऐकतंय?" मला अजूनही त्याचं नवल वाटतं...

तर बाळा, क्रीम घे, चप्पल घे. पण तिथे पोचलीस की आधी विचार, पाणी किती वाजता येतं. परत सापडावं असं काही वाळूवर ठेवू नकोस.

आणि एकदा वाकून पाण्यात हात घाल. तुझ्या आजोबांना समुद्र बघायची फार हौस होती. एव्हाना ते तिथवर पोचले असतील.