अमेरिकेआधी कायझर्सलाउटर्न

शिकागोची तिकिटं काढून झाली त्यानंतर दोन दिवस आमच्या घरात कोणी नीट जेवलं नाही. जेवायला बसलं की कोणीतरी उठून नकाशा आणायचं. जुलैअखेर फ्रांकफुर्टहून शिकागोला उतरायचं आणि तीन आठवड्यांनी ह्यूस्टनहून परतीचं विमान पकडायचं, एवढंच पक्कं होतं. मधलं सगळं रिकामं. ह्यूस्टन अशासाठी, की तिथे माझ्या सासूबाईंची धाकटी बहीण, कुसुममावशी, राहते. दोघी बहिणी नऊ वर्षांत भेटलेल्या नाहीत. आई (सासूबाईंना मी आईच म्हणते) मे महिन्यात कोल्हापूरहून आमच्याकडे जर्मनीत वोल्फ्सबुर्गला आल्या. ह्यूस्टनपर्यंत आमच्याबरोबर, मग महिनाभर बहिणीकडे आणि तिथून थेट घरी, असा त्यांचा बेत.

मधली रिकामी जागा भरायचं काम माझ्या नवऱ्याने, मंदारने, घेतलं. तो इथल्या गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे, त्यामुळे सहल एक्सेलमध्ये गेली. बारा वर्षांच्या इराला शिकागोत उंच इमारतीच्या काचेच्या जमिनीवर उभं राहायचं होतं. सहा वर्षांच्या ओजसला न्यू ऑर्लिन्सजवळच्या मगरी हव्या होत्या. मंदारला सगळंच हवं होतं. आठवडाभरात नऊ शहरं झाली, प्रत्येकाला वेगळा रंग.

"एवढी गाडी चालवणार कोण?" मी विचारलं.

"मी," मंदार म्हणाला. मग जरा थांबून, "म्हणजे तू पण. लायसन्स आहे की तुझ्याकडे."

लायसन्स आहे. तिसऱ्या खेपेला मिळालेलं. पहिल्यांदा मी नापास झाले ती लेन बदलताना मान वळवून मागे पाहिलं नाही म्हणून. त्याला इथे शुल्टरब्लिक म्हणतात आणि त्याबाबतीत परीक्षक कोणाची गय करत नाहीत. दुसऱ्यांदा चढावर गाडी बंद पडली. तिसऱ्यांदा पास झाले आणि गाडीतून उतरून रडले. गेली चार वर्षं मी गावात रोज चालवते. वोल्फ्सबुर्गमध्ये गाडीशिवाय पान हलत नाही. पण ऑटोबानवर, म्हणजे इथल्या द्रुतगती महामार्गावर, मात्र नाही. ऑटोबान आला की मला झोप येते, डोकं दुखतं, मुलांना मागे माझी गरज असते. ही कारणं मंदारला पाठ आहेत, आणि त्याने ती कधी मोजून दाखवली नाहीत, हा त्याचा चांगुलपणा.

रंगीत तालमीची कल्पना त्याचीच. फिंग्स्टनचा, म्हणजे पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाचा, रविवार-सोमवार सुटी, आमच्याकडे मंगळवारीही शाळा बंद. तीन दिवसांत कायझर्सलाउटर्नला जाऊन यायचं. तिथे मंदारने मास्टर्स केलं होतं. आईंनी ते गाव फक्त फोटोत पाहिलं होतं. एका बाजूने पावणेपाचशे किलोमीटर, वाटेत कासेलला मुक्काम. मुलं किती वेळ बसतात, बॅगा किती मावतात, आईंचे गुडघे काय म्हणतात, हे बघायचं. माझं नाव यादीत नव्हतं. पण यादी कोणासाठी आहे ते मला कळत होतं.

रविवारी सकाळी नऊला निघालो. मागे दोन मुलं, मध्ये आई, आईंच्या मांडीवर तिखट-मिठाच्या पुऱ्यांचा डबा. ब्राउनश्वाइगच्या अलीकडेच ओजसने विचारलं, "सिंद वीर शोन दा?" पोचलो का, एवढाच अर्थ. दुसऱ्या तासापर्यंत आईंना तो प्रश्न तोंडपाठ झाला. त्या उत्तर देऊ लागल्या, "शोन नाही रे बाळा, शोन अजून लांब आहे."

तुम्ही निघणार असाल तर एक सांगते: रविवारी किंवा सुटीच्या दिवशीच निघा. त्या दिवशी ट्रकना ऑटोबानवर बंदी असते, रस्ता अर्धा रिकामा वाटतो. पेट्रोल मात्र ऑटोबानवरच्या पंपावर भरू नका. एखाद्या गावात उतरा, फरक चांगलाच पडतो. रास्टश्टेटवर, म्हणजे रस्त्यालगतच्या थांब्यावर, शौचालयाला माणशी युरो घेतात, पण कुपन मिळतं. त्या कुपनावर आईंनी कॉफी घेतली आणि दिवसभर ती "फुकटची कॉफी" म्हणून सांगितली.

कासेलच्या डोंगरावरच्या बागेत उन्हाळ्यात रविवारी, बुधवारी आणि सुटीच्या दिवशी पाणी सोडतात. पंप नाही, मोटर नाही, नुसत्या उतारावर. अडीचला वरच्या पुतळ्याच्या पायथ्यापासून पाणी निघतं आणि पायऱ्या-पायऱ्यांनी, धबधब्यांनी, पुलाखालून खाली येतं. बघायला पैसे लागत नाहीत. मंदारने मला आणि मुलांना वर सोडलं आणि तो आईंना घेऊन खालच्या तळ्याकडे गेला. पाणी सुटलं आणि शेकडो माणसं त्याच्या बाजूने धावत सुटली. आम्हीही. पाणी एका टप्प्यावर पोचायच्या आत आपण तिथे पोचायचं, मग पुढच्या. ओजस ओरडत होता, "ते येतंय, ते येतंय," आणि चक्क मराठीत. तासाभराने तळ्याशी पोचलो तेव्हा माझ्या पायांत गोळे आले होते आणि मी वेड्यासारखी हसत होते.

शेवटी तळ्यातून कारंजं उडतं. झाडांच्या वर, मग त्याच्याही वर. ओजसला दिसेना म्हणून मंदारने त्याला झटक्यात खांद्यावर घेतलं, आणि तसाच अर्धा वाकून राहिला.

"काय झालं?"

"उसण भरली," तो म्हणाला, कारंज्याकडे बघतच. "ओजसला उतरव. सावकाश."

अख्खी संध्याकाळ तो भाड्याच्या खोलीत जमिनीवर पडून होता. आईंनी गरम पाण्याच्या पिशवीने शेकलं. सोमवारी सकाळी तो उभा राहू शकला, पण कमरेतून वळू शकत नव्हता. मान वळवली की चेहरा पिवळा.

"आल्झो," त्याने सुरुवात केली. जर्मनीत आठ वर्षं काढलेला माणूस वाईट बातमीची सुरुवात या शब्दाने, म्हणजे 'तर'ने, करतो. "गाडी इथे ठेवू, ट्रेनने घरी जाऊ. पुढच्या आठवड्यात येऊन मी गाडी नेईन. आणि अमेरिकेत सरळ विमानाने ह्यूस्टनला जाऊ. काही बिघडत नाही."

इरा आपल्या फोनमधला नकाशा बंद करून खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. बारा वर्षांची मुलगी भांडली असती तर मी वाद घातला असता.

"मी चालवते," मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की मंदारने "काय?" विचारलं. मला ते परत म्हणावं लागलं.

आई पुऱ्यांचा डबा बांधत होत्या. त्या म्हणाल्या, "मी शाळेत शिकवायला जायला मोपेड घेतली ना, तेव्हा पंचगंगेच्या पुलावर ट्रक आला की उतरायची. गाडी ढकलत पूल ओलांडायची आणि पलीकडे परत बसायची. दीड महिना. मुलं हसायची."

"मग?"

"मग काय, एक दिवस उशीर झाला होता, उतरायला वेळ नव्हता."

ऑटोबानला लागायच्या रस्त्यावर आलो. शेजारी मंदार उशीला टेकून, ताठ. मागून इरा म्हणाली, "मम्मा, शुल्टरब्लिक." मी मान वळवली. मागे बरंच लांब एक लाल गाडी होती. मी ॲक्सिलरेटर दाबला आणि आत शिरले. कोणी हॉर्न दिला नाही.

पुढे एक कॅराव्हॅन मिळाली, हॉलंडची, ताशी नव्वदच्या आसपास रमतगमत जाणारी. मी तिच्यामागे लागले आणि मला फार बरं वाटलं. कासेलनंतरचे चढ-उतार, डोंगर, शेतं, सगळं मी त्या पांढऱ्या चौकोनाच्या मागून पाहिलं.

"याला ओव्हरटेक कर ना," वीस मिनिटांनी मंदार म्हणाला.

"नको," मागून आई म्हणाल्या. "चांगला माणूस दिसतोय."

आणखी वीस मिनिटांनी कॅराव्हॅनने उजवा दिवा लावला. मीही लावला. ती वळली, मीही वळले. आपण थांब्यावर आलोय हे गाडी उभी राहिल्यावर कळलं. मंदार हसायला लागला आणि कमरेत कळ आली म्हणून कण्हायला लागला, आणि दोन्ही एकदम करत राहिला.

कॅराव्हॅनमधून सत्तरीचे एक आजोबा उतरले. ते आमच्याकडे आले आणि हॉलंडच्या धाटणीच्या जर्मनमध्ये त्यांनी विचारलं, "माझं काही सांडतंय का? तुम्ही केव्हापासून मागे आहात."

मी खरं ते सांगितलं. ऑटोबानवर आज पहिल्यांदा, नवऱ्याची पाठ, पुढे अमेरिका. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मुलांना कॅरमेलचे वेफर दिले. आईंनी त्यांना चार पुऱ्या दिल्या. मग ते म्हणाले, "आता मी आधी निघतो. दहा मिनिटांनी तुम्ही निघा. मला गाठलंत की पुढे जा. मी लेन सोडणार नाही, वेग वाढवणार नाही. शब्द देतो."

आम्ही दहा मिनिटं मोजून थांबलो. इरा घड्याळ बघत होती. पाऊण तासाने तो पांढरा चौकोन पुन्हा समोर आला. आरसा, दिवा, मान वळवून मागे, आणि मी डावीकडे आले. एकशे दहा. एकशे वीस. कॅराव्हॅन शेजारून मागे मागे जायला लागली. मुलं दोन्ही हात हलवत होती. आजोबांनी स्टिअरिंगवरून एक पुरी उचलून दाखवली. मी उजवीकडे परत आले तेव्हा गाडीत सगळे एकदम बोलायला लागले.

त्या धुंदीत फ्रांकफुर्टजवळ एक वळण चुकलं. मंदार "हरकत नाही" म्हणाला, आणि आम्ही एका लहानशा गावात पोचलो, जिथे फक्त आइसक्रीमचं दुकान उघडं होतं. मुलांनी आजीसाठी श्पागेटी-आइस मागवलं. व्हॅनिला आइसक्रीम सोऱ्यातून काढून शेवयांसारखं देतात, वर स्ट्रॉबेरीचा लाल रस, दिसायला थेट टोमॅटोच्या सॉसमधल्या नूडल्स. आईंनी बशी बघितली. "मी जेवणार नाही, गोड काहीतरी सांगा म्हटलं होतं." ओजस हसून खुर्चीवरून घसरला. पहिला चमचा घेतल्यावर आईंनी बशी जवळ ओढून घेतली आणि कोणाला दिली नाही.

कायझर्सलाउटर्नला दुपारी साडेचारला पोचलो. राहायची जागा मंदारने मुद्दाम शोधली होती. वरचा मजला भाड्याने, रात्रीचे पंच्याण्णव युरो, खाली मालकीणबाई डोना. अमेरिकी लष्करी तळामुळे या भागात अमेरिकन खूप. डोना टेनेसीच्या, तीस वर्षं इथल्या अमेरिकन मुलांची स्कूलबस चालवून निवृत्त झालेल्या. त्यांनी आम्हाला संध्याकाळी मक्याचा पाव आणि राजम्यासारखी उसळ खायला बोलावलं. मंदारने लॅपटॉप उघडून रंगीत तक्ता दाखवला. त्यांनी चष्मा लावला.

"नऊ शहरं," त्या म्हणाल्या. "आज मुलं गाडीत किती तास होती?"

"थांबे धरून साडेसहा."

त्यांनी ओजसला विचारलं, "उद्या परत साडेसहा तास बसशील?"

"नाइन," ओजसने जर्मनमध्ये नकार दिला.

"हे बघा, पहिला प्रश्न यालाच विचारायचा होता." त्यांनी कागद घेतला आणि पाच नावं लिहिली: शिकागो, सेंट लुईस, मेम्फिस, न्यू ऑर्लिन्स, ह्यूस्टन. प्रत्येक टप्पा पाच-सहा तासांचा, प्रत्येक गावी निदान तीन रात्री. गाडी एका शहरात घेऊन दुसऱ्यात सोडली की जादा आकार पडतो, तो आधी विचारा, असं बजावलं. लाल दिव्यालाही पूर्ण थांबून उजवीकडे वळता येतं, मनाईची पाटी नसेल तर. "आणि पिवळी बस दिवे लुकलुकत उभी असेल तर थांबायचं, समोरून येत असलात तरी. ते मी तुम्हाला माफ करणार नाही." मग विचारलं, "कोण चालवणार?"

"आम्ही दोघं," मी म्हणाले.

मंदारने लॅपटॉप मिटला. त्याची चार शहरं गेली होती, पण चेहरा माझ्याकडे बघून फुलला होता.

मंगळवारी सकाळी आईंना त्याचं विद्यापीठ दाखवलं, तो राहायचा ती खिडकी दाखवली. आईंनी खालूनच विचारलं, "एवढ्याशा खोलीत स्वयंपाक कुठे करायचास?" तो म्हणाला, "करायचो नाही." गाडीत बसताना त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

परतीला ट्रक होते. ओळीने, भिंतीसारखे. पहिल्याच्या बाजूने जाताना मी श्वास धरला, पाचव्यानंतर विसरले. कासेलच्या पुढे पाऊस आला. शेवटचे ऐंशी किलोमीटर मंदार म्हणत होता, "आता मी घेतो, बरी आहे कंबर." मी दिली नाही.

मुलांना घेऊन लांब जायचा विचार करत असाल तर घराजवळ एक तालीम करून बघा, एवढाच सल्ला. बॅग एक कमी लागली, पुऱ्या जास्त लागल्या, ओजसला दर दीड तासाने पळवावं लागतं. हे घरात बसून कळलं नसतं. आता इरा भिंतीवरच्या कागदावर पाच गावांची चित्रं काढतेय. मी परवान्याच्या कार्यालयात जाऊन फोटो आणि पंधरा-सोळा युरो देऊन आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणला. काउंटरवरच्या बाईंनी तो तिथल्या तिथे दिला.

त्याच संध्याकाळी दूध संपलं म्हणून मी गाडी घेऊन निघाले. दुकान घरापासून पाच मिनिटांवर आहे. मी ते ओलांडून ऑटोबानला लागले, ब्राउनश्वाइगपर्यंत गेले, तिथून दूध घेतलं आणि परत आले. तासभर लागला असेल. दारात मंदार म्हणाला, "एवढा वेळ?"

"रांग होती," मी म्हणाले, आणि दूध तापायला ठेवलं.