बाईंची रजा

बाई गेल्या त्याच्या तिसऱ्या दिवशी बडेबाबू स्वतः स्टाफरूममध्ये आले. आमच्या कॉलेजात हेडक्लार्कला सगळे बडेबाबूच म्हणतात. नवीन नेमणूक होईपर्यंत बाईंचे इतिहासाचे तास मी घ्यावेत, असा प्राचार्यांचा निरोप त्यांनी हळू आवाजात सांगितला आणि दाराशी थांबून म्हणाले, "तुमाले सवय आहेच त्यांच्या तासांची." त्यांच्या मनात काहीच नव्हतं. मी मात्र तेव्हापासून त्या वाक्यापाशीच बसून आहे.

ती सवय लागली महाराष्ट्र झाल्यानंतरच्या दुसऱ्या की तिसऱ्या हिवाळ्यात. तोवर यवतमाळच्या या कॉलेजात बाई एकट्याच प्राध्यापिका. त्यांच्या आधी संस्कृत शिकवणाऱ्या एक होत्या. त्यांना दिवस गेल्यावर त्यांनी राजीनामा दिला, कॉलेजने साडी-नारळ देऊन निरोप दिला आणि सगळ्यांना ते रीतीला धरूनच वाटलं. मग बाळंतपणाला पगारी रजा देण्याचा विद्यापीठाचा नियम आला. आमच्याकडे तिच्यासाठी पहिला अर्ज बाईंनी केला. स्टाफरूममध्ये थट्टा झाली. अर्थशास्त्राचे एक प्राध्यापक म्हणाले, "आता आम्हीही बाळंत होऊन पाहावं म्हणतो." बाईंनी वह्या तपासताना मानही वर केली नाही. "व्हा ना, तुमचे तास मी घेईन," म्हणाल्या.

पाणी भरणारी मावशी तेवढी हसली नाही. तिला ती रजा लागू नव्हती. तिची चार बाळंतपणं याच कॉलेजचे माठ भरता भरता झाली होती.

बाईंच्या जागी मला घेतलं. मी नेरची. एम.ए.चा निकाल हातात होता आणि घरी एक स्थळ पाहून ठेवलेलं होतं. वडिलांनी यवतमाळला पाठवलं ते नोकरी तात्पुरती होती म्हणूनच. मूळ प्राध्यापिका रुजू होईपर्यंत, असे शब्द होते. पण प्राचार्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की पुढच्या वर्षी इतिहासाची दुसरी जागा निघणार आहे आणि सत्र शेवटपर्यंत शिकवलंस तर आधी तुझाच विचार होईल. सत्र अर्ध्यावर सुटलं असतं तर मी परत नेरला गेले असते आणि उन्हाळ्यात माझं लग्न झालं असतं. मला पुस्तकांपाशी राहायचं होतं. त्यासाठी परीक्षा येईपर्यंत मी वर्गात असणं गरजेचं होतं.

रजेवर जाण्याआधी बाईंनी मला आपल्या घरी बसवून शिकवायला शिकवलं. कुठे थांबायचं, कुठे मुलं जांभया देतात, सगळं. म्हणाल्या, "घाबरलीस तर खिडकीकडे बघून बोल. मुलांना वाटतं, बाई विचार करताहेत."

संक्रांतीनंतर त्या सरकारी दवाखान्यात बाळंत झाल्या. मुलगी झाली, पण ती रडलीच नाही. मी भेटायला गेले, खाटेजवळच्या स्टुलावर बसले. बाईंनीच विचारलं, "फ्रेंच राज्यक्रांती झाली का?" अर्धी झाली, म्हटलं. "मग ठीक आहे," म्हणाल्या आणि भिंतीकडे वळल्या.

इकडे कचेरीत वेगळाच प्रश्न निघाला. "लेकरूच नाही राह्यलं, तं रजा कोन्त्या खात्यात धरायची?" बडेबाबू म्हणाले. दुष्टपणा नव्हता त्यात, अशी केस त्यांनी कधी पाहिली नव्हती. त्यांनी विद्यापीठाला विचारलं. उत्तर आलं की रजा बाळंतपणाची आहे, ती पूर्ण मिळेल. म्हणजे परीक्षेच्या तोंडापर्यंत. ते ऐकून मला इतकं हलकं वाटलं की मी स्टाफरूममधून उठून बाहेर गेले.

पुढच्या महिन्यात एका दुपारी मी वर्गात शिकवत होते. अडखळले आणि सवयीने खिडकीकडे पाहिलं. बाहेर व्हरांड्यात बाई उभ्या होत्या. कानाला बाळंतिणीचा रुमाल तसाच, खांद्याला पुस्तकांची कापडी पिशवी. मी शिकवत राहिले. घंटा होईपर्यंत त्या हलल्या नाहीत.

बाहेर आल्यावर मी विचारलं, कशा आहात. त्या म्हणाल्या, बरी आहे. त्यांचे यजमान वनखात्यात, महिन्यातले बरेच दिवस जंगलात दौऱ्यावर असायचे.

"घरात बसवत नाही गं," त्या म्हणाल्या. "बडेबाबूंना सांगायला आले होते, उद्यापासून येते म्हणून."

मी बोटांवरचा खडू पुसत राहिले. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं.

"तुझं ते स्थळ काय म्हणतंय?"

"वाट पाहताहेत. हे संपायची."

"मग पाहू दे," त्या म्हणाल्या. पिशवी त्यांनी दुसऱ्या खांद्यावर घेतली. "रजा मिळाली आहे तर पुरती घेते."

आणि कचेरीकडे न वळता त्या फाटकाकडे निघाल्या. मावशी घागर घेऊन समोरून येत होती. ती माझ्यापाशी थांबली. "बाई काहून चालल्या? सकाळी घरावरून गेलतो तं म्हणल्या, उद्या येतो, माह्या टेबलावर पानी ठेवजो."

फाटक काही लांब नव्हतं. हाक ऐकू गेली असती. "बाई, या उद्यापासून," एवढंच म्हणायचं होतं. पुढच्या तासाची घंटा झाली आणि मी वर्गात गेले.

त्यांची रजा संपेपर्यंत माझी जायची-यायची वाट त्यांच्या घरावरूनच होती. त्या ओसरीवर पुस्तक उघडून बसलेल्या असायच्या. संध्याकाळी परत येताना पान सकाळचंच असणार, असं मला वाटायचं. मी मुद्दाम आत जाऊन शंका विचारायची, उत्तरं ठाऊक असलेल्याही. त्या सरसावून बसायच्या, बोलता बोलता आवाज वर्गातल्यासारखा व्हायचा. मग मी निघायची आणि त्या मला पायरीपर्यंत सोडायला यायच्या. लोकांना वाटायचं, मी किती जीव लावते त्यांना. लावतही होते. पण घर रिकामं आणि वर्ग माझ्याकडे, हे त्या पायरीवर आम्हा दोघींनाही दिसत असायचं.

जूनमध्ये दुसरी जागा निघाली आणि मला मिळाली. काही वर्षांत मी कायम झाले. लग्न झालं ते पुढे, माझ्या मर्जीने. मुलगा झाला तेव्हा मीही तीच रजा घेतली आणि कोणी थट्टा केली नाही. नियम तोवर जुना झाला होता. माझे तास बाईंनीच घेतले. मला ते सहन होईना. रजा संपण्याआधीच रुजू होते, असा निरोप मी पाठवला. त्याच संध्याकाळी बाई डिंकाचे लाडू घेऊन आल्या. बाळाला मांडीवर घेतलं, त्याचं टोपडं नीट केलं. त्यांना पुन्हा मूल झालं नव्हतं.

"रजा पुरती घे," त्या म्हणाल्या. "मी घेतली होती ना?"

इतक्या वर्षांत त्याविषयी आमच्यात झालेलं बोलणं एवढंच. त्या रागावलेल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर मी निदान माफी मागितली असती. मी लाडवांचा डबा रिकामा करायला आत गेले. धुऊन, पुसूनही बराच वेळ बाहेर आले नाही.

या पावसाळ्यात त्यांना कावीळ झाली. आजार अंगावर काढत त्या शिकवत राहिल्या. रजा घ्या, म्हणून मी दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि त्या तासाला निघाल्या.

काल त्यांच्या वर्गावर गेले. मुलं उभी राहिली आणि बराच वेळ खाली बसेनात. धडा जिथे त्यांनी सोडला होता तिथून मी सुरू केला. मध्येच मी अडखळले. मी खिडकीकडे पाहिलं. व्हरांड्यात कोणी नव्हतं. मुलांना वाटलं असेल, बाई विचार करताहेत.