दुधाची माफी

किरगिझस्तान आणि ताजिकिस्तानचे मंत्री टीव्हीवर हसतहसत हात मिळवत होते, त्याच दुपारी आमच्या सीमेवरच्या कालव्याच्या दारावर पाणीवाटपावरून दगडफेक सुरू झाली. मग बंदुका. मंत्र्यांचं काय जातं! पोट फुटलं ते जिपारकुलच्या बेकतुरचं.

विधवा जिपारकुलनं जर्दाळूची बाग राखून हा एकुलता एक लेक वाढवला. तो जन्मला तेव्हा ती तापानं फणफणलेली, अंगावर थेंबभर दूध नाही. कालव्यापलीकडच्या ताजिक मावलुदानं आपल्या पोरीबरोबर त्यालाही छातीशी धरलं, वर्षभर पाजलं. आणि आज या नालायकानं तिच्याच घरावर पेटती बाटली फेकली. परत पळताना त्याला गोळी लागली.

अंगणात तो आतडी हातानं धरून पडला होता.

"आई, दूध माफ कर गं. जीव सुटत नाहीये."

आम्हा किरगिझांत मरणाऱ्या लेकराला आईनं दूध माफ करावं लागतं. पण जिपारकुलनं पाजलं होतं कुठे? "मावलुदाकडून आणते," म्हणत गोळ्या चालू असतानाच ती कालव्यात उतरली.

मावलुदा बादलीनं आगीवर पाणी मारत होती.

"बेकतुर मरतोय गं. दूध माफ कर त्याला."

"बाटली कोणी टाकली?"

जिपारकुलला खोटं बोलता आलं असतं. "त्यानंच," ती म्हणाली.

मावलुदानं बादली फिरवली ती थेट तिच्या कपाळावर. जिपारकुल पडली, उठली, पुन्हा समोर उभी राहिली.

"अजून मार. पण माफ केलं म्हण."

"नाही म्हणणार! माझी सासू आत जळाली, जिपार! चालती हो, नाहीतर तुलाही आगीत ढकलीन!"

जिपारकुल परतली तेव्हा बेकतुरचे डोळे उघडेच होते.

"काय म्हणाली?"

"माफ केलं म्हणाली, राजा."

"आणि हे रक्त?"

"कालव्यात पाय घसरला."

त्यानं मान टाकली.

पुढे दोन्ही देशांनी करार केला, झेंडे लावले, सीमेचं फाटक उघडलं. बायका पुन्हा पलीकडे लग्नाकार्याला जाऊ लागल्या. जिपारकुललाही चल चल म्हणतात. ती हलत नाही. मावलुदाच्या माराला ती भीत नाही. पण मावलुदा समोर आली की माफी मागितल्याशिवाय हिला राहवणार नाही, आणि ती पुन्हा नाही म्हणाली तर कबरीतल्या लेकाला काय सांगायचं?