आईचे देव

पप्पा चर्चमध्ये पाळक होते. निवृत्त झाल्यावर त्यांना एकच नाद लागला: बायबलमधल्या जुन्या कराराचं मूळ हिब्रू आणि त्याचं प्राचीन ग्रीक भाषांतर शेजारी शेजारी ठेवून वाचायचं. गंगापूर रोडच्या आमच्या फ्लॅटमधलं जेवणाचं टेबल त्या पुस्तकांनी भरून गेलं होतं.

एकदा मला हाक मारून म्हणाले, "हे बघ. हिब्रू स्तोत्रात म्हटलंय, देवांसमोर मी तुझं गीत गाईन. ग्रीकमध्ये काय केलंय? देवदूतांसमोर."

"असं का?"

"एकच देव मानणारी माणसं, आणि आजूबाजूला परक्यांची देवळं. आपल्या शास्त्रात हे बाकीचे देव कुठून आले, असं कुणी विचारलं तर? म्हणूनच बहुतेक देवांचे देवदूत करून सांभाळून घेतलं असेल."

आई जवळच मेथी निवडत होती. ती सुरगाण्याच्या डोंगरातल्या आदिवासी पाड्यावरची, बाप्तिस्मा घेऊन मग लग्न करून नाशिकला आलेली. ती मान खाली घालून देठं खुडत राहिली.

त्याच वर्षी हिवाळ्यात तिचं लिव्हर निकामी झालं. शेवटी शेवटी ग्लानीत ती माहेरच्या बोलीत बोलायची. एका दुपारी दाराकडे बघत म्हणाली, वाघदेव आलाय, डोंगरदेव आलाय, त्यांना बसायला द्या.

भेटायला आलेली चर्चची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मी घाईघाईनं म्हणाले, "तिला देवदूत दिसतायत."

"नाही," पप्पा म्हणाले. "ती देव म्हणाली."

तिचा हात माझ्या हातात देऊन ते उठले आणि दाराजवळ दोन खुर्च्या मांडून आले.

ती गेली. दफनाच्या वेळी नवे पाळक म्हणाले, आपल्या बहिणीला अखेरीस देवदूतांचं दर्शन झालं. पप्पांनी मान वर केली नाही.

उन्हाळ्यात पप्पांनी हट्टच धरला, म्हणून मी त्यांना सुरगाण्याला मामाकडे घेऊन गेले. मामानं गावामागचा डोंगर दाखवला. लहानपणी आई तिथं डोंगरदेवाला नागलीच्या भाकरीचा पहिला घास ठेवायला जायची. पप्पांना चढवेना. ते पायथ्याच्या दगडावर बसले.

"मला कधी सांगितलं नाही तिनं," ते म्हणाले.

मामा हळूच म्हणाला, "तुमी कदी इचारलंच नाय, दाजी."

पप्पा रडायला लागले. तिच्या दफनालाही ते असे रडले नव्हते. मामा त्यांच्याशेजारी मातीतच बसून राहिला. खाली रस्त्यावर आम्हाला परत न्यायला थांबलेला जीपवाला हॉर्न वाजवत होता. मी त्याला हातानंच सांगितलं, तू जा.