कंडेन्सर आणि अकरा अंगठे

नेट कॅफेवाल्या ताईंनी माझी उत्तरं इंग्रजीत टाईप केली, म्हणून ती लोकांपुढं गेली. किनवटहून जालन्यात जळक्या मोटारींत नवी तार भरायला आलेल्या, आठवीत शाळा सोडलेल्या मला इंग्रजी कुठलं यायला!

प्रश्नोत्तरांच्या वेबसाइटवर एकानं विचारलं होतं, पाण्याची मोटार नुसती घुमते, फिरत का नाही? मी सांगितलं, कंडेन्सर बदल. मंग धाकधुकीनं रोज जाऊन बघायचो. तिसऱ्या दिवशी विचारणाऱ्यानं ‘उत्तम उत्तर’ म्हणून दुसऱ्याचंच निवडलेलं. त्यातही कंडेन्सरच! वर लोकांचे अकरा अंगठे त्याला, मला एकही नाही.

“ह्यानं जन्मात मोटार खोलली न्हाई, ताई!”

“तुमचं उत्तर आधी आल्तं, दादा. पण सुरुवात काय? ‘आधी बटण बंद कर, येड्या.’ तुम्ही बोलले तेच मी इंग्रजीत बराबर टाकलं.”

त्या दुसऱ्यानं सुरुवातीला ‘काळजी करू नका’ लिहिलं होतं. तरी माझा जळफळाट काही गेला नाही. पण परक्या गावात मला तोंडावर खरं सांगणारं दुसरं कोण होतं? तीर्थपुरीला ताईंच्या वडिलांच्या विहिरीवरची मोटार कधी जळालीच, तर मी स्वतः जाऊन फुकटात भरून देईन.