नदीच्या वळणावरचं गाव

मध्य प्रदेशातून छत्तीसगड वेगळं निघालं, त्या वर्षी मी बी.कॉम. होऊन घरी बसलो होतो आणि कॉम्प्युटरवर वसाहती वसवत होतो. खेळाची सीडी आमच्या शहरातल्या महाराज बाड्याच्या बाजारातून आणलेली, अर्थातच नकली. तिच्या झेरॉक्स वेष्टनावर छापलं होतं की, नवी भूमी जिंकायचे चार मार्ग आहेत: व्यापार, तह, धर्मप्रसार आणि युद्ध. इतकं धादांत खोटं मी त्यानंतर फक्त एका सरकारी फॉर्मवर वाचलं.

खेळ असा होता. एक जहाज घेऊन परक्या किनाऱ्यावर उतरायचं, जंगल तोडायचं, तंबाखू लावायचा. उतरल्याबरोबर नदीच्या वळणावर तिथल्या मूळच्या लोकांचं एक गाव लागे. ढोल वाजे, मुखिया पुढे येई, मक्याची कणसं देई आणि म्हणे, आमच्या शेकोटीपाशी बसा. मला तो मुखिया आवडायचा. मी त्याच्याशी तह करायचो आणि हरायचो. व्यापार करून हरलो, पाद्री पाठवून हरलो, एकदा तर जिंकता जिंकता लाइट गेली आणि पुन्हा पहिल्यापासून खेळून हरलो. कारण शेवटी मोजली जायची ती फक्त जमीन, आणि सगळ्यात कसदार जमीन त्या गावाखाली होती. दर वेळी केसांचा पांढरा टोप घातलेला राजा पडद्यावर येऊन माझी कीव करायचा. मला वीट आला होता. चार दरवाजे रंगवायचे आणि त्यांतल्या तिनांच्या मागे भिंत बांधून ठेवायची, हा कसला खेळ? बनवणारा समोर असता तर सीडी त्याच्या तोंडावर फेकली असती.

ताई एका सरकारी खात्यात नकाशे काढायची. हरिशंकरपुरममधलं आमचं घर तिच्यावरच चालत होतं. आई नव्हती, आणि काचबिंदूमुळे बाबांना माणसं फक्त सावल्यांसारखी दिसत. संध्याकाळी चहाचा कप घेऊन ताई माझ्या मागे उभी राहायची.

"अजून तिथेच अटकलायस? अरे, जाळून टाक ना ते गाव. किस्सा खतम."

"नाही जाळणार. दुसरा रस्ता असलाच पाहिजे."

गाव म्हटलं की बाबांना आमचं इनाम आठवायचं. पूर्वज फौजेबरोबर दक्षिणेतून इकडे आले, लढले, आणि त्यांना एक गाव मिळालं, झाडं-विहिरींसकट. ही गोष्ट मी जन्मापासून ऐकत होतो. एकदा चिडून विचारलं, "त्या गावात आधी कोण राहायचं?"

"होते कोणीतरी," बाबा म्हणाले आणि त्यांनी चहा मागितला.

मग राज्याबरोबर कर्मचाऱ्यांचीही वाटणी सुरू झाली. कोणाला इथेच, मध्य प्रदेशात राहायचं असेल तर कारण लिहा, असा फॉर्म आला. स्वतःचं आजारपण, नवरा-बायकोची नोकरी, म्हातारे आईवडील, अशी कारणं त्यावर नीट छापलेली होती. ताईने बाबांच्या डोळ्यांचे सगळे कागद जोडले. यादी लागली तर तिचं नाव छत्तीसगडच्या बाजूला. तिने पुन्हा अर्ज केला. "रूलमध्ये लिहिलंय, ते वाचतील," ती म्हणत राहिली. मला तिच्या भोळेपणाचा संताप यायचा. खरी गोष्ट अशी की, मी घाबरलो होतो. ती गेली असती तर बाबांना सांभाळणारा मी उरलो असतो, आणि मला त्यांच्या डोळ्यांत औषधाचे थेंबसुद्धा धड घालता येत नव्हते.

कॉलेजातल्या एका मित्राच्या काकांचं भोपाळात वजन होतं. ते दाल बाजाराच्या मागे राहत. मी एकटाच गेलो, घरी कोणाला सांगितलं नाही. त्यांनी ताईचं नाव एका चिठ्ठीवर लिहून घेतलं.

"हो जाएगा. पर गिनती तो पूरी करनी पड़ेगी. इनकी जगह किसी और को भेजना होगा."

"किसी को भी भेज दीजिए, अंकल," मी म्हणालो आणि वाकून त्यांच्या पाया पडलो.

घरी आलो, भरदुपारी खेळ लावला आणि ते गाव जाळलं. दोन मिनिटं लागली असतील. ढोल मध्येच थांबला आणि नदीच्या वळणावर माझा रंग पसरला. संध्याकाळपर्यंत मी जिंकलो. राजाने टोप काढून मला मुजरा केला. इतके महिने ज्याची वाट पाहिली तो हा मुजरा, आणि मला तो पाहून शिसारी आली. त्या खेळाची आली, आणि माझी स्वतःचीही आली. खोटं का बोलू?

पुढच्या यादीत छत्तीसगडच्या बाजूला ताईचं नाव नव्हतं. ती बाड्यावरून पेढे घेऊन आली. "बघ, वाचला ना अर्ज कोणीतरी! सिस्टम तू म्हणतोस इतकी पण बेकार नाहीये." बाबांनी देवाजवळ पेढा ठेवायला सांगितला. मी दोन खाल्ले.

त्यानंतरच्या रविवारी ताई भाजी आणायला गेली होती. तिच्या शेजारच्या टेबलावर बसणारी बाई दारात आली. तिला मी ओळखत होतो. नवऱ्याचं इथेच छोटं दुकान, मुलगी नुकतीच शाळेत जायला लागलेली. ताईचा सेटस्क्वेअर परत द्यायला आली होती.

"दीदी को दे दीजिएगा. मेरा नाम आ गया है, बस्तर के लिए. पता नहीं कैसे, पहली लिस्ट में तो मैं थी ही नहीं."

मी पाणी दिलं. तिची नजर पडद्यावरच्या नकाशाकडे गेली आणि ती थोडी हसली. "इतने साल नक्शे बनाए, भैया, बस्तर कभी ध्यान से देखा ही नहीं."

पाणी पिऊन तिने पेला खाली ठेवला, फाटक नीट लावलं आणि ती गेली. आतल्या खोलीतून बाबांनी हाक मारली, "कोण होती रे?"

"होती कोणीतरी," मी म्हणालो.